विश्लेषण : रक्तात केलेली सही! खुनाचा आरोपी कारावाज्जो आणि माल्टामधलं ते चित्र

माल्टाची राजधानी व्हॅलेटा. तिथल्या सेंट जॉन कॅथेड्रलच्या प्रार्थनागृहात पाच मीटरहून रुंद चित्र आहे : संत योहानाचा शिरच्छेद. योहानाच्या मानेतून सांडलेल्या रक्तातच चित्रकाराने आपलं नाव लिहिलंय. कारावाज्जोची सही असलेलं हे एकमेव चित्र.

कोण होता कारावाज्जो?

मूळ नाव मायकेलअँजेलो मेरिसी, जन्म १५७१, मिलान. (सिस्टिन चॅपेलचं छत रंगवणारा मायकेलअँजेलो वेगळा, तो १५६४ मध्येच वारला होता.) वडील लहानपणीच गेले. रोममध्ये १६०० च्या सुमारास त्याचं नाव झालं ते गडद अंधार आणि एका बाजूने येणाऱ्या प्रकाशामुळे. त्याचे संत रस्त्यावरच्या माणसांसारखे दिसत, पाय मळलेले. मरियमचा मृत्यू दाखवणारं चित्र तर चर्चने नाकारलं.

मे १६०६ मध्ये भांडणात त्याच्या हातून रानुच्चो तोमासोनीचा खून झाला. मृत्युदंड जाहीर झाला आणि तो पळाला. आधी नेपल्स, मग माल्टा. तिथे जुलै १६०८ मध्ये त्याला सेंट जॉनच्या नाइट्समध्ये घेतलं. खुन्याला प्रवेश नव्हता, त्यासाठी पोपची खास परवानगी लागली.

चित्रात काय आहे?

देवदूत नाहीत, चमत्कार नाही. तुरुंगाचं आवार, मागे उघडी भिंत. वार झालाय, पण मुंडकं पूर्ण तुटलेलं नाही. तलवार जमिनीवर पडली आहे आणि मारेकरी पाठीमागचा खंजीर काढतोय. तुरुंगाधिकारी शांतपणे थाळीकडे बोट दाखवतो. फक्त एक म्हातारी डोकं धरून उभी आहे. योहानावरचं लाल वस्त्र हुतात्म्याची खूण. उजवा अर्धा भाग जवळपास रिकामा. तिथे गजांआडून दोन कैदी हे सगळं बघतात. चित्रातली खरी भीती मला त्या रिकाम्या भिंतीत वाटते.

सहीत नावाआधी 'फ' आहे. तो 'फ्रा', म्हणजे संघातला बंधू, असा वाचला जातो. ज्याच्या डोक्यावर मृत्युदंड होता, त्याने ही नवी ओळख शिरच्छेदाच्या रक्तात लिहिली.

ती टिकली जेमतेम काही महिने. नव्या भांडणात कैद, मग पलायन. १ डिसेंबर १६०८ रोजी नाइट्सनी त्याच प्रार्थनागृहात, त्याच्या गैरहजेरीत त्याला संघातून काढलं. समोर हेच चित्र होतं.

पुढे दाविदाच्या हातातल्या गल्याथच्या मुंडक्याला त्याने स्वतःचा चेहरा दिला. माफीच्या आशेने रोमकडे निघालेला कारावाज्जो जुलै १६१० मध्ये पोर्तो एर्कोले इथे वारला. वय ३८.