वाळूच्या एका कणात दोन घड्याळं: आर्थर होम्स यांची गोष्ट

फोनमधल्या एखाद्या फाईलची माहिती उघडून बघा. फाईल कधी तयार झाली आणि शेवटची कधी बदलली, अशा दोन वेळा दिसतात. वाळूच्या काही कणांतही अशाच दोन वेळा साठलेल्या असतात. त्यातली पहिली वेळ भरवशाने वाचण्याचा पाया आर्थर होम्स यांनी घातला.

होम्स यांचा जन्म १८९० चा, इंग्लंडमधल्या हेबर्नचा. लंडनला ते फिजिक्स शिकायला गेले आणि भूगर्भशास्त्रात रमले. लॉर्ड केल्विन यांच्या हिशोबाने पृथ्वीचं वय जेमतेम २ ते ४ कोटी वर्षं होतं. होम्स यांचे मार्गदर्शक रॉबर्ट स्ट्रट खनिजांत साठलेला हेलियम मोजून वय काढत. युरेनियम फुटताना हेलियम तयार होतो. अडचण एकच: तो वायू गळून जातो, म्हणून वय कमी येतं.

होम्स यांनी हेलियम सोडला आणि शिसं धरलं. युरेनियमचं शेवटी शिसंच होतं आणि ते सहसा जागचं हलत नाही. अर्धं युरेनियम संपायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात, म्हणजे घड्याळ भरपूर लांबचं. १९११ मध्ये त्यांनी नॉर्वेतल्या एका खडकाचं वय ३७ कोटी, तर श्रीलंकेतल्या एकाचं १६४ कोटी वर्षं काढलं. तेव्हा ते फक्त २१ वर्षांचे होते!

पण संशोधनावर पोट भरत नव्हतं. त्याच वर्षी ते खनिजं शोधायला मोझांबिकला गेले आणि मलेरियाने आजारी पडून परतले. पुढे तेल कंपनीच्या नोकरीसाठी ब्रह्मदेशात गेले. कंपनी बुडाली, त्यांचा लहान मुलगा तिथेच गेला. इंग्लंडला परतल्यावर काही काळ त्यांनी दुकान चालवलं. १९२४ मध्ये डरहॅम विद्यापीठात नोकरी मिळाली आणि गाडी रुळावर आली. १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं काढलं, ते बघायला होम्स हयात होते. १९६५ मध्ये त्यांचं निधन झालं.

आता दुसरी वेळ. शिवालिकच्या टेकड्या बघा. हिमालयातल्या नद्यांनी आणलेली वाळू पायथ्याशी थरावर थर साचली, गाडली गेली, मग दाबाने वर उचलली गेली. आज तीच वाळू पुन्हा झिजून मैदानात उतरतेय. अशा वाळूत झिरकॉन नावाच्या खनिजाचे कण सापडतात. शिशाचं घड्याळ कण मुळात कधी जन्मला ते सांगतं. ९०० अंशांच्या आसपास तापल्याशिवाय ते बिघडत नाही, त्यामुळे गाडलं जाणं त्याला कळतच नाही.

हेलियमचं घड्याळ मात्र साधारण १८० अंशांना रीसेट होतं. एवढी उष्णता सहसा ६ किलोमीटर खोलवर मिळते. समजा, हेलियमचं वय वाळूचा थर साचला त्या काळापेक्षा कमी आलं. मग कण साचल्यानंतर खोल गाडला गेला होता, हे नक्की. वय जास्त आलं, तर तो आधीच्या डोंगरात कधी थंड झाला ते कळतं.

ज्या गळतीमुळे होम्स यांनी हेलियम बाजूला ठेवला, तीच आज कणाचा प्रवास सांगते. आपल्या भाषेत, बगचं फीचर झालं.