कुंडीतला वाटाणा

दादर स्टेशनच्या पूर्वेला दादासाहेब फाळके मार्ग आहे. आपल्यापैकी कित्येकजण कामावर जाता-येता हा रस्ता तुडवतात. गर्दी, घाम आणि लोकल चुकेल ही धास्ती यांत इकडेतिकडे पाहायला सवड कुणाला? या रस्त्याला पूर्वी दादर मेन रोड म्हणत. १९१२ साली येथल्याच एका घरात एक गृहस्थ कुंडीत वाटाणा पेरून त्याच्याकडे रोज टक लावून पाहत असत. ते धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे फोटोग्राफी, नकाशे काढणे, छपाई असे अनेक उद्योग त्यांनी केले. १९००च्या सुमारास प्लेगने त्यांची पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेले. १९०२ साली सरस्वतीबाई त्यांच्या संसारात आल्या. छापखान्याच्या धंद्यात भागीदारांशी पटले नाही आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर दादासाहेब रिकाम्या हाताने घरी बसले.

अशा दिवसांत गिरगावातल्या तंबूवजा थिएटरात त्यांनी प्रभू येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. तो पाहताना आपल्याकडच्या रामकृष्णांच्या कथाही अशाच पडद्यावर आणाव्यात, या विचाराने त्यांना झपाटले. नंतर त्यांनी सरस्वतीबाईंनाही तो खेळ दाखवला. रात्रंदिवस चित्रपटांचाच अभ्यास सुरू झाला. डोळ्यांवर इतका ताण आला की दृष्टी जवळजवळ गेली. उपचारांनी ती परत आली. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२च्या फेब्रुवारीत लंडनला गेले आणि कॅमेऱ्याची मागणी नोंदवून परतले.

कॅमेरा आला, पण चित्रपटासाठी पैसा कोण देणार? तेव्हा हा वाटाणा कामी आला. कुंडीतल्या रोपाचे थोडे थोडे चित्रण ते रोज करीत. महिनाभराने ते सलग दाखवले तेव्हा बी फुटून त्याचा वेल होतानाचा सोहळा मिनिटभरात डोळ्यांसमोर उभा राहिला. पाहणारे थक्क झाले आणि त्यांतूनच कर्ज देणारे पुढे आले. सरस्वतीबाईंनी आपले दागिनेही दिले.

मग सारे घरच कारखाना झाले. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करीत. उन्हात पांढरी चादर धरून त्या नटांच्या चेहऱ्यावर उजेड पाडीत. त्या काळी फिल्मच्या कडेला भोके पाडलेली नसत. दिवसाचे काम आटोपल्यावर रात्री अंधारात, हाताच्या अंदाजाने त्या भोके पाडायला बसत. फिल्म धुण्याचे कामही त्या शिकल्या. मुलगा भालचंद्र पडद्यावर रोहिदास झाला. बाई मिळेना म्हणून तारामतीचे काम ग्रँट रोडच्या खाणावळीतल्या साळुंके नावाच्या आचाऱ्याने केले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

पुढे दादासाहेबांनी पुष्कळ चित्रपट काढले, यश पाहिले, कर्जही पाहिले. बोलपट आल्यावर त्यांचा काळ मागे पडला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला, जवळजवळ विस्मृतीत, त्यांचे निधन झाले.

आम्हांला या चरित्रात मोठ्या यशापेक्षा ती कुंडी अधिक मोलाची वाटते. नोकरी नाही, डोळे दुखताहेत, डोक्यावर कर्ज आहे. तरीही सकाळी उठून कालच्यापेक्षा अंकुर किती वाढला हे पाहण्यात त्या माणसाला गोडी वाटत होती. चांगले दिवस येईपर्यंत त्याने आनंद राखून ठेवला नाही.

मात्र एक गोष्ट आपण विसरू नये. दादासाहेबांचे नाव रस्त्याला मिळाले, १९६९ सालापासून पुरस्कारालाही मिळाले. साठ-सत्तर पाने वाढून रात्री फिल्म टोचत बसणाऱ्या सरस्वतीबाई मात्र कित्येकांना ठाऊकही नाहीत. घरातला आनंद पुष्कळदा कुणाच्या तरी जागरणावर उभा असतो. दिवसभर राबणाऱ्याला त्या आनंदात वाटा मिळतो का, हे आपण पाहिले पाहिजे.

तेव्हा या आठवड्यात खिडकीतल्या डब्यात चार वाटाणे पेरू या आणि मुलांना रोज ते पाहू द्या. आणि आज जेवण झाल्यावर ताट घरातल्या बाईसाठी तसेच ठेवून न उठता, आपले आपण घासू या. तेवढ्या वेळात तिलाही खिडकीशी उभे राहून अंकुर पाहता येईल.