शेंदरी दगडाचं गणित

नांदेड-लातूरला गणित म्हटलं की क्लासच आठवतो, नाही का? पण गोव्यात १९०७ साली जन्मलेल्या दामोदर कोसंबींनी गणित लावलं ते चक्क इतिहासाला. हार्वर्डला शिकलेला हा माणूस जुनी नाणी तोलत बसायचा. झिजेवरून नाणं किती काळ फिरलं, ते काढायचा. मार्क्सवादी तर पक्के! तरी १९४९ मध्ये कॉम्रेड डांगेंच्या प्राचीन भारतावरच्या पुस्तकाला त्यांनी झोडपलंच. आपल्या विचाराचा म्हणून सूट नाही, पुरावा कुठाय? तो शोधायला ते पुण्याच्या आसपास पायी हिंडले. म्हसोबा, साती आसरा यांची ठाणी जुन्या वाटांच्या तिठ्यावर का, हे त्यांनी तपासलं. १९६६ मध्ये ते गेले. तुमच्या शिवेवरच्या शेंदरी दगडापाशी कुठल्या वाटा मिळतात, बघितलंय कधी?