रने माग्रित : नित्याच्या वस्तूंचा चित्रकार

थोरांचीं चरित्रें वाचावयास घेतलीं म्हणजे त्यांत रणांगणें, राजसभा, वादळी समुद्रावरील सफरी असें कांहीं तरी आपण शोधूं लागतों. परंतु कांहीं माणसें अशीं असतात कीं, त्यांचें बहुतेक आयुष्य चार भिंतींच्या आंत जातें, आणि तरीहि तीं जगाला नवी दृष्टि देऊन जातात. बेल्जियम देशाचा चित्रकार रने माग्रित हा अशांपैकींच एक होय. त्याच्या एकट्याच्या नांवानें ब्रसेल्स शहरांत आज दोन संग्रहालयें आहेत. एक राजवाड्याजवळच्या चौकांतील भव्य इमारतींत, व दुसरें एका साध्या घरांत. भाड्याच्या घरापासून राजचौकापर्यंतची ही वाट त्यानें कशी चालली, तें पाहण्यासारखें आहे.

रनेचा जन्म ता. २१ नोव्हेंबर १८९८ रोजीं लेसीन या गांवीं झाला. तीन भावांत तो वडील. त्याचे वडील कापडाच्या धंद्यांत होते, व आई लग्नापूर्वीं स्त्रियांच्या टोप्या शिवीत असे. पण या घरावर लौकरच मोठें संकट कोसळलें. मनाच्या व्यथेनें ग्रासलेल्या त्या माउलीनें १९१२ च्या फेब्रुवारींत सांब्र नदींत देह टाकला. त्या वेळीं रने अवघा तेरा वर्षांचा होता. पुढें त्याच्या कांहीं चित्रांत वस्त्रानें झांकलेले चेहरे दिसूं लागले, तेव्हां टीकाकारांनीं त्यांचा संबंध या दुःखाशीं जोडला. स्वतः त्याला मात्र हा उलगडा मान्य नसे. आपलें दुःख बोलून दाखविण्याचा त्याचा स्वभाव नव्हता.

१९१६ सालीं तो ब्रसेल्सच्या कलाशाळेंत दाखल झाला. लहानपणीं शार्लरवाच्या जत्रेंत त्याला जॉर्जेट नांवाची एक मुलगी भेटली होती. महायुद्धाच्या धामधुमींत दोघांची ताटातूट झाली. पुढें ब्रसेल्समध्यें अकस्मात् पुन्हां गांठ पडली आणि १९२२ सालीं त्यांचा विवाह झाला. संसाराला पैसा हवा होता. भिंतींना चिकटवावयाच्या रंगीत कागदांवर नक्षी काढणें, दुकानांच्या जाहिराती रंगविणें, हें काम त्यानें पत्करलें. याच सुमारास कीरिको या चित्रकाराच्या एका चित्राची छापील प्रत त्याच्या दृष्टीस पडली. भिंतीवर पुतळ्याचें मस्तक, शेजारीं एक रबरी हातमोजा आणि खालीं एक चेंडू. एवढाच त्यांतील विषय! परंतु तें पाहून त्याच्या डोळ्यांतून अश्रु आले. एकमेकांशीं ज्यांचा कांहींहि संबंध नाहीं, अशा वस्तु एकत्र आणल्या असतां मन कसें जागें होतें, हें त्यास त्या क्षणीं उमगलें.

१९२७ सालीं ब्रसेल्समध्यें त्याच्या चित्रांचें पहिलें स्वतंत्र प्रदर्शन भरलें. टीकाकारांनीं त्याची निर्भर्त्सना केली. त्याच वर्षीं तो पॅरिसकडे गेला व अतिवास्तववादी म्हणविणाऱ्या कवींच्या व चित्रकारांच्या मेळ्यांत सामील झाला. पण तेथेंहि पोट भरेना. त्याचीं चित्रें घेणारी पेढी जागतिक मंदींत बुडाली, आणि १९३० सालीं तो रिकाम्या हातानें ब्रसेल्सला परतला.

येथून पुढील चोवीस वर्षें तो जेत या उपनगरांतील ज्या घराच्या तळमजल्यावर भाड्यानें राहिला, तेंच घर १९९९ पासून संग्रहालय झालें आहे. पाहुणा तेथें मोठ्या चित्रशाळेच्या अपेक्षेनें गेला तर थक्क होईल. अंगणांतील एका खोलींत रने आपल्या भावासह जाहिरातींचें काम करी. चित्रें मात्र जेवणाच्या लहानशा खोलींत काढी, तींहि नीटनेटका कोट घालून! त्याच्या चित्रांपैकीं जवळ जवळ निम्मीं या घरांत जन्मास आलीं. तेथील शेगडीची चौकट पाहतांच, तींतून धूर सोडीत बाहेर येणारें आगगाडीचें इंजिन रंगविणारें त्याचें १९३८ चें चित्र आठवतें. ज्या शेगडीपुढून तो रोज जाई, तिच्याकडेच त्यानें पुन्हां एकदां नीट पाहिलें होतें.

त्याचें सर्वांत गाजलेलें चित्र १९२९ चें आहे. त्यांत तंबाखू ओढण्याची एक नळी हुबेहुब काढली असून तिच्या खालीं, ही नळी नव्हे, अशा अर्थाची ओळ लिहिली आहे. प्रथम हंसूं येतें. मग विचार सुरू होतो. खरेंच, त्या नळींत तंबाखू भरतां येईल काय? वस्तु निराळी, वस्तूचें चित्र निराळें व वस्तूचें नांव निराळें, हा धडा त्यानें एका ओळींत दिला. छायाचित्रें व जाहिराती यांनीं वेढलेल्या आपल्या काळाला हा धडा फारच आवश्यक आहे.

१९५३ सालच्या एका चित्रांत काळे कोट व गोल टोप्या घातलेले असंख्य गृहस्थ घरांपुढें आकाशांत पावसाच्या थेंबांप्रमाणें अधांतरीं उभे आहेत. या चित्राचें नांव आहे गोवळकोंडा! हिऱ्यांच्या व्यापारासाठीं एके काळीं जगभर गाजलेल्या आपल्या दख्खनमधील शहराचें हें नांव लुई स्क्युतनेर या त्याच्या कविमित्रानें सुचविलें. अद्भुत वैभवाचें नांव असें साध्या कारकुनांसारख्या माणसांच्या चित्राला मिळालें.

कीर्ति उशिरां आली. १९६५ सालीं न्यूयॉर्कमध्यें त्याच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन भरलें; पुढें दोनच वर्षांनीं, ता. १५ ऑगस्ट १९६७ रोजीं, कर्करोगानें त्याचें देहावसान झालें. राजचौकांतील संग्रहालय २००९ सालीं उघडलें. तेथें त्याच्या २०० हून अधिक कृति आहेत. त्यांत एक चित्र असें आहे कीं, खालीं रात्रीच्या काळोखांत घराजवळचा दिवा जळत आहे, आणि वर आकाश मात्र भर दिवसाचें निळें आहे. याच विषयावर त्यानें अनेक चित्रें काढलीं. त्यांपैकीं एक २०२४ सालीं न्यूयॉर्कच्या लिलांवांत १२ कोटी डॉलरांहून अधिक किंमतीस गेलें. ज्यानें पोटासाठीं जाहिराती रंगविल्या, त्याच्याच हातचें हें चित्र!

विद्यार्थिमित्रांनो, ही किंमत विसरलांत तरी चालेल. जेवणाची ती लहानशी खोली मात्र विसरूं नका. थोर कार्य करावयास विशाल मंदिर लागतेंच असें नाहीं. माग्रितपाशीं होती ती शेगडी, खिडकी, सफरचंद, टोपी आपणां सर्वांच्या घरींहि असते, किंवा तिच्या जागीं पाटा, कंदील, छत्री असते. त्यानें अधिक कांहीं मिळविलें नाहीं. जें होतें तेंच त्यानें टक लावून पाहिलें. आणि उपहास होत असतांहि तें पाहणें सोडलें नाहीं, यांतच त्याचें मोठेपण आहे.