सावकाराच्या दारातला शिपाई

१८९८ मध्ये अमेरिकेने स्पेनविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा पेनसिल्व्हेनियातला स्मेडली बटलर सोळा वर्षांचा होता. घराणे युद्धाला पाप मानणाऱ्या क्वेकर पंथाचे, वडील अमेरिकी काँग्रेसचे सदस्य. मुलाने वय वाढवून सांगितले आणि तो मरीन दलात अधिकारी झाला. क्यूबाला स्पेनच्या जोखडातून सोडवायचे, ही भावना त्या वेळी देशभर उसळली होती.

युद्ध काही महिन्यांत संपले. पोर्तो रिको आणि ग्वाम अमेरिकेकडे आले, फिलिपाइन्सपोटी स्पेनला २ कोटी डॉलर दिले गेले. स्वातंत्र्य जाहीर करून बसलेल्या फिलिपिनो जनतेला कोणी विचारले नाही. पुढच्याच वर्षी बटलर तिथे पोहोचला, १९०० मध्ये चीनला गेला.

या धावपळीमागे हिशेब होता. अमेरिकेतील पश्चिमेची मोकळी जमीन संपत आली होती आणि १८९३ च्या मंदीने कारखानदार हादरले होते. मालाला बाहेरची बाजारपेठ हवी, व्यापाराला आरमार हवे, आरमाराला कोळशाची ठाणी हवीत, असे गणित मांडले जात होते. मात्र फिलिपाइन्समधील बंड मोडताना प्रदेश ताब्यात ठेवणे किती महाग पडते, हेही कळले. मग कॅरिबियन टापूत दुसरी रीत रूढ झाली. झेंडा रोवायचा नाही. कर्ज द्यायचे, वसुलीसाठी जकात ताब्यात घ्यायची आणि कोणी उठलाच तर मरीन पाठवायचे. पनामा कालव्याजवळ जर्मनी पाय रोवील, ही भीतीही त्यात होतीच.

बटलर या पद्धतीचा सर्वांत कर्तबगार हस्तक ठरला. १९१२ मध्ये निकाराग्वात त्याने बंडखोरांकडून रेल्वेमार्ग मोकळा केला. तिथला अध्यक्ष आदोल्फो दियास हा एका अमेरिकी खाणकंपनीचा जुना कर्मचारी, आणि जकात न्यूयॉर्कच्या बँकांच्या कर्जापोटी गहाण पडलेली.

सर्वांत दारुण प्रकरण हैतीचे. फ्रेंच मळ्यांवरच्या गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये हा देश स्वतंत्र केला होता. परकीयाला जमीन घेता येऊ नये, हा त्यांच्या घटनेचा कणा. डिसेंबर १९१४ मध्ये मरीन सैनिकांनी तिथल्या राष्ट्रीय बँकेतले ५ लाख डॉलरचे सोने भरदिवसा उचलून न्यूयॉर्कला नेले. पुढच्या वर्षी देशच ताब्यात घेतला. रिव्हिएर किल्ला सर केल्याबद्दल बटलरला सर्वोच्च लष्करी पदक दुसऱ्यांदा मिळाले. त्याने स्थानिक सशस्त्र पोलीस दल उभे केले आणि १९१७ मध्ये, नव्या घटनेला नकार देणारे कायदेमंडळ त्याच दलाच्या बळावर बरखास्त केले. परकीयांना जमीन खुली झाली. रस्ते बांधण्यासाठी शेतकऱ्यांना वेठीला धरले गेले, तेव्हा गुलामीच्या आठवणी जाग्या झाल्या आणि उठाव भडकला. त्यात दोन हजारांहून अधिक हैतीयन मारले गेले.

बटलर तोवर परतला होता. मेजर जनरल होऊन तो १९३१ मध्ये निवृत्त झाला. पुढच्या वर्षी, हक्काच्या भत्त्यासाठी वॉशिंग्टनला तळ ठोकलेल्या माजी सैनिकांच्या बाजूने तो उभा राहिला. १९३५ मध्ये त्याने युद्ध हा धंदा कसा आहे, हे सांगणारे छोटे पुस्तक लिहिले. त्याच वर्षीच्या एका लेखात, आपण आयुष्यभर वॉल स्ट्रीटची गुंडगिरी केली, अशी कबुलीही दिली. दोनदा सर्वोच्च पदक मिळवलेल्या सेनानीचे हे बोल झोंबणारे होते. ते बोलायला धैर्य लागते, यात शंका नाही.

पण ही जाणीव गणवेश उतरल्यावर आली. त्या लेखात बँकांचा उल्लेख आहे, वेठीवर राबलेल्या शेतकऱ्यांचा नाही. सत्तेला असे कर्तबगार आणि निष्ठावान शिपाईच हवे असतात. त्यांना प्रश्न पडेपर्यंत काम उरकलेले असते. मरीन १९३४ मध्ये हैतीतून निघाले. बटलर १९४० मध्ये वारला. हैतीच्या तिजोरीवरची अमेरिकी देखरेख मात्र कर्जाची फेड होईपर्यंत, १९४७ पर्यंत सुटली नाही.