दफ्तरात रमलेला माणूस

मैत्रिणींनो, आपल्या यवतमाळकडं दिवाळीत घर झाडताना आजोबांच्या पेटीतले कागद आधी रद्दीत जातात. गोव्याच्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी अशाच जुन्या कागदांत अख्खी हयात घातली. १८९४ मध्ये सत्तरीतल्या पिसुर्ले गावी जन्म. राज्य पोर्तुगीजांचं. पुढं तीसेक वर्षं तिथलं सरकारी दफ्तर त्यांनीच सांभाळलं, विस्कटलेलं लावून ठेवलं. राज्यकर्त्यांची भाषा ते उत्तम शिकलेले, पुष्कळसं लिहिलंही तीतच. शिवाजी महाराज, संभाजी महाराज यांच्याबद्दल हे गोरे साहेब आपसांत काय खलबतं करायचे, ते त्यामुळं आपल्याला कळलं. मला तर हेच मोठं वाटतं. १९६७ मध्ये ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा त्यांचा ग्रंथ मराठीत आला. दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये, ते गेले.