मोझेस फ्लीटवूड वॉकर : ४२ सामन्यांची कारकीर्द

अमेरिकन बेसबॉलच्या नोंदवहीत मोझेस फ्लीटवूड वॉकर यांच्या नावापुढे आकड्यांची एकच ओळ आहे. मोसम १८८४, सामने ४२, फलंदाजीच्या संधी १५२, हिट ४०, धावा २३, सरासरी .२६३. तीत २ डबल आणि ३ ट्रिपल आहेत. होमरन एकही नाही. मात्र ही ओळ एवढ्यावरच का थांबली, याचे उत्तर वॉकर यांच्या फलंदाजीत सापडत नाही.

वॉकर यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८५६ रोजी ओहायो राज्यातील माउंट प्लेझंट येथे झाला. वडील डॉक्टर होते. ओबर्लिन महाविद्यालयात आणि नंतर मिशिगन विद्यापीठात शिकत असताना कॅचर म्हणून त्यांचे नाव झाले. कॅचर म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा, क्रिकेटमधील यष्टिरक्षकाचा दूरचा भाऊ. आजच्यासारखे जाड हातमोजे त्या काळी नव्हते. बहुतेक कॅचर उघड्या हातांनीच वेगवान चेंडू झेलत. बोटे मोडणे, हात सुजणे हे नेहमीचेच होते.

१८८३ मध्ये वॉकर टोलेडो संघात दाखल झाले. त्याच वर्षी १० ऑगस्टला शिकागोचा बलाढ्य संघ प्रदर्शनीय सामन्यासाठी टोलेडोत आला. शिकागोचे कर्णधार कॅप अ‍ॅन्सन यांनी कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात असल्यास आपण खेळणार नाही, असे बजावले. हात दुखावल्याने वॉकर त्या दिवशी विश्रांतीच घेणार होते. परंतु ही अट ऐकून टोलेडोचे व्यवस्थापक चार्ली मॉर्टन यांनी त्यांना मुद्दाम राइट फील्डमध्ये उतरवले. तिकिटांच्या उत्पन्नावर पाणी सोडावे लागेल हे दिसताच अ‍ॅन्सन यांनी माघार घेतली.

पुढच्या वर्षी टोलेडोला अमेरिकन असोसिएशन या प्रमुख लीगमध्ये स्थान मिळाले. १ मे १८८४ रोजी लुईव्हिलविरुद्ध वॉकर यांनी पदार्पण केले. (१८७९ मध्ये प्रॉव्हिडन्सकडून एकच सामना खेळलेल्या विल्यम एडवर्ड व्हाइट यांच्याबद्दल पुढे संशोधन झाले, परंतु ते समाजात गौरवर्णीय म्हणूनच वावरले. वॉकर यांनी आपली ओळख कधी लपवली नाही.) .२६३ ही सरासरी म्हणजे हजार संधींत सुमारे २६३ हिट. त्या मोसमातील लीगची सरासरी .२४० च्या आसपास होती. अननुभवी कॅचरसाठी ही कामगिरी निश्चितच उजवी होती.

तीही कोणत्या परिस्थितीत, हे पाहण्यासारखे आहे. पिचर कोणता चेंडू टाकणार, याचा इशारा कॅचर देत असतो. संघाचे आघाडीचे पिचर टोनी मुलेन यांना कृष्णवर्णीय खेळाडूचे इशारे मानणे मान्य नव्हते. आपण मनाला येईल तो चेंडू टाकत असू, अशी कबुली त्यांनी अनेक वर्षांनंतर दिली आणि वॉकर हे आपल्याला लाभलेले सर्वोत्तम कॅचर होते, हेही मान्य केले. कोणता चेंडू येणार हे ठाऊक नसताना तो उघड्या हातांनी अडवायचा, हे काम वॉकर महिनोन् महिने करत राहिले. जुलैमध्ये चेंडू लागून त्यांची बरगडी मोडली. सप्टेंबरमध्ये संघाने त्यांना मुक्त केले. वॉकर मैदानात उतरल्यास जमाव त्यांच्यावर चालून जाईल, अशा धमकीचे पत्र रिचमंडहून मॉर्टन यांना आले होते. थोरल्या भावाबरोबर वेल्डी वॉकर हेही त्या मोसमात टोलेडोकडून ५ सामने खेळले.

त्यानंतर वॉकर दुय्यम लीगमध्ये खेळले. १८८७ मध्ये ते नेवार्क संघात होते. १४ जुलै १८८७ रोजी इंटरनॅशनल लीगच्या संघमालकांनी यापुढे कृष्णवर्णीय खेळाडूंशी नवे करार न करण्याचा निर्णय घेतला. जुने करार टिकले. वॉकर १८८९ पर्यंत सिरॅक्यूजकडून खेळले आणि मग तीही वाट बंद झाली. त्या लीगमध्ये पुढचा कृष्णवर्णीय खेळाडू १९४६ मध्ये उतरला, तो जॅकी रॉबिन्सन. प्रमुख लीगमध्ये रॉबिन्सन आले १५ एप्रिल १९४७ रोजी, म्हणजे वॉकर यांच्या अखेरच्या सामन्यानंतर ६३ वर्षांनी.

मैदानाबाहेरचे आयुष्य खडतर होते. १८९१ मध्ये सिरॅक्यूज येथे हल्लेखोरांशी झालेल्या झटापटीत वॉकर यांच्या चाकूने एकाचा मृत्यू झाला; ज्युरीने त्यांना निर्दोष ठरवले. १८९८ मध्ये टपालातील चोरीप्रकरणी मात्र त्यांना एक वर्षाचा तुरुंगवास झाला. पुढे कॅडिझ गावात त्यांनी नाट्यगृह चालवले, चित्रपटांच्या रिळांसंबंधी पेटंट मिळवली. १९०८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी आफ्रिकेत परत जावे, असे मत मांडले. गोऱ्या सहाध्यायांसोबत शिकलेल्या आणि खेळलेल्या माणसाचा हा निष्कर्ष होता.

११ मे १९२४ रोजी क्लीव्हलँड येथे त्यांचे निधन झाले. स्टूबेनव्हिल येथील त्यांच्या कबरीवर साठहून अधिक वर्षे नावाचा दगडही नव्हता. ओहायो राज्याने २०१७ मध्ये कायदा करून ७ ऑक्टोबर हा दिवस त्यांच्या नावे केला.